रुमालाखालचा भाव

मास्तर, आता तरी खरं सांगा. आता तुम्हाला कोणाची भीडभाड नाही, हेडमास्तरांचा धाक नाही, आणि माझं मन राखायची तर काही गरजच उरली नाही. परवा शुक्रवारी दिग्रसच्या कब्रस्तानात मी तुमच्यावर मूठभर माती टाकली, आणि टाकतानाही डोक्यात तोच जुना किडा वळवळत होता. आजूबाजूला तुमचे किती विद्यार्थी उभे होते! कोणी डोळे पुसत होतं, कोणी मान खाली घालून होतं. आणि मी एकेकाच्या तोंडाकडे पाहून मनात म्हणत होतो, याला किती भाव दिला असेल? त्याला किती? का सगळ्यांना चारच?

तुम्ही असता तर म्हणाला असता, "अबे शक्की, मेलो तरी पिच्छा नाही सोडून राह्यला!" नाही सोडत. सुदाम हे नाव मायबापानं ठेवलं, शक्की हे तुम्ही ठेवलं, आणि खरं सांगू का, दुसरंच जास्त शोभलं. तेव्हा ऐका. मला भाषण करायचं नाही. ते कब्रस्तानाबाहेर दोघा-तिघांनी करून झालं: करीम मास्तर कसे गणिताचे वाघ होते, कसे इमानदार होते, कसे सायकल चालवत तांड्या-तांड्यावर जायचे. सगळं खरं. पण रुमालाचं नाव कोणी काढलं नाही. मला लगेच संशय आला, हे मुद्दाम काढून नाही राह्यले.

आपलं भांडण कुठून सुरू झालं, ते तुम्हाला माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. तुमचे अब्बा दिग्रसच्या कापूस बाजारातले नावाजलेले दलाल, आणि माझा बा त्याच बाजारातला हमाल. माझं लहानपण जीनच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात गेलं. बा गठाणी उचलायचा, माय सरकी झाडायची, आणि मी गाड्यांच्या चाकांशी बसून तुमच्या अब्बांचे सौदे पाहायचो. उघडा लिलाव आला होता म्हणतात, पण जुन्या लोकांची सवय कुठे जाते? अब्बा गाडीशी यायचे, बाही सारून कापसात कोपरापर्यंत हात घालायचे, कारण गाडीवाले चांगला माल वर ठेवत आणि ओला खाली दाबत. मग खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकायचे, आणि रुमालाखाली बोटं धरून भाव चालायचा. त्यानं याची बोटं धरायची, यानं त्याची. दोघांची बोटं सारखी झाली की सौदा पक्का. बाजूला उभ्या माणसाला हाताची हालचाल तेवढी दिसायची.

तोंडानं मात्र भलतंच चालायचं. "काय हे, किडक्या बोंडांची कवडी आणली! वाळल्या पाल्याची पत्तीच पत्ती आहे याच्यात. कचरा!" असं अब्बा ओरडत होते, म्हणजे समजायचं, रुमालाखाली बाजारातला सगळ्यात चढा भाव धरलेला आहे. आणि माल खरंच टाकाऊ असला की हात जोडून म्हणायचे, "वा पाटील, चांदी आणली चांदी!" आणि पुढे निघून जायचे. बा मला गठाणीवर बसवून सांगायचा, "ध्यानात ठेव पोट्ट्या. जो नावं ठेवते, त्याले माल पाह्यजे असते. जो तारीफ करते, तो पुढच्या गाडीवर जाते." दुसरी गोष्ट सांगायचा, की सौदा चालू असताना रुमाल ओढायचा नसतो. रुमाल ओढणाऱ्याशी त्या बाजारात पुन्हा कोणी हात मिळवत नाही.

आता मला सांगा, या शाळेतून निघालेलं पोरगं तुमच्या शाळेत आल्यावर काय करणार?

नववीत तुम्ही आम्हाला गणिताला आलात. पहिल्याच आठवड्यात माझी भूमितीची रीत फळ्यावर घेतली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "वा! याले म्हनते डोकं!" पोरं माझ्याकडे वळून पाहायला लागली. मला वाटलं, झालं, हे चालले पुढच्या गाडीवर.

घरी येऊन बाला सांगितलं. तो भाकर मोडत होता. हात थांबवून म्हणाला, "काय पाह्यजे त्याले?"

"काही नाही मांगतलं."

"मांगन तो. थांब."

तुम्ही म्हणाल, काय वंगाळ मनाची माणसं. पण ते दिवस आठवा ना मास्तर. छप्पनच्या दसऱ्याला बा नागपूरहून दीक्षा घेऊन आला, आम्ही बौद्ध झालो, आणि गावातली माणसं दोन तऱ्हेची झाली. काही तोंड फिरवून जाणारी. त्यांचं काही नाही, ती आधीही तशीच होती. दुसरी एकाएकी गोड झालेली. एक पाटील, जन्मात आमच्या दारापुढे न थांबलेला, एका सकाळी बाला म्हणाला, "या, या, बसा. तब्येत बरी?" बा घरी येऊन मायला सांगत होता, पाहा, कसा बदलला हा माणूस! दुपारी कळलं, त्याचा बैल मेला होता आणि ओढायला माणूस पाहिजे होता. बानं नाही म्हटलं, तर रात्रीतून तो पुन्हा पहिल्यासारखा झाला. तेव्हापासून आमच्या घरी कोणी गोड बोललं की आम्ही आधी मेलेला बैल शोधायचो. तुमचाही शोधला. बरेच दिवस शोधला. सापडला नाही म्हणून आणखीच भीती वाटायला लागली.

मग तो रुमाल आला. तांड्यावरून येणारं एक पोरगं होतं, हरि नावाचं, अंगानं थोराड आणि आवाजानं बारीक. शाळा तपासायला साहेब आले आणि त्यांनी त्यालाच उभं केलं. "मोठेपणी कोण होणार? स्वतःबद्दल तुला काय वाटतं, ते चार वाक्यांत सांग." हरिला एक वाक्य सुचेना. वर्ग खी खी करून हसला, साहेबही हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून हरि बंद. तुम्ही सायकल काढून तांड्यावर गेलात आणि त्याला पुढे दांडीवर बसवून आणलंत. त्या शनिवारी शेवटच्या तासाला तुम्ही टेबलाशी बसलात आणि म्हणालात, "उभं करून इचारलं तं कोनी खरं सांगत नाही. मी असतो तं मीबी नसतं सांगतलं. मले बापाच्या बाजारातली एकच गोष्ट येते." आणि खिशातून निळ्या काठाचा पांढरा रुमाल काढलात.

कायदा सोपा होता. एकेकानं टेबलाशी यायचं, रुमालाखाली हात घालायचा आणि आपला भाव सांगायचा. तुमचं एक बोट धरलं, म्हणजे कायले जगून राह्यलो असं वाटते. पाची धरली, म्हणजे मी राजा आहे, मला काही कमी नाही. मधलं काय ते ज्यानं त्यानं ठरवायचं. मग तुम्ही त्याची बोटं धरायची: तुमच्या लेखी त्याचा भाव. तोंडानं एक शब्द बोलायचा नाही आणि बाहेर जाऊन कोणाला सांगायचं नाही. पोरं आधी हसली. पण हरि पहिला गेला, आणि रुमालाखालून हात काढून परत येताना त्याचं तोंड असं काही झालं होतं, की हसणं आपोआप बंद पडलं.

माझी पाळी आली. मी दोन धरली. खरी किती होती, ते मलाही माहीत नव्हतं, पण पहिला भाव खरा सांगायचा नसतो हे तर बाजारातलं शेंबडं पोरही जाणते. तुम्ही माझ्या डोळ्यांत पाहिलंत आणि माझी चार बोटं धरलीत. घट्ट. मी हात ओढून घेतला आणि जागेवर जाऊन बसलो. चार? हमालाच्या पोराला, ज्याच्या चड्डीला मागून वेगळ्या रंगाचं ठिगळ आहे त्याला, चार? माझ्याहून हुशार पोरं त्या वर्गात होती. मला चार कायले देता बावा?

दर शनिवारी तेच. मी दोन, तुम्ही चार. सौदा कधी जुळला नाही.

वाण्याचा मधुकर माझ्या बाकावर होता. घरी जाताना मी विचारलं, "तुले किती देल्ला?" तो म्हणाला, "बाजार उघडा करत नसतात." मग ओढ्याजवळ आल्यावर त्यालाच राहवेना. म्हणाला, "मले चार. अन् तुले?" मी म्हटलं, "दोन." मी खोटं बोललो, तेव्हा तोही बोलला असणारच. पण तो चारचा आकडा डोक्यात बसला. म्हणजे हे सगळ्यांनाच चार देतात की काय? दलाल कसा, सगळ्या गाडीवाल्यांना 'या पाटील, बसा पाटील' करतो, तसं? मी वर्गातल्या पोरांची तोंडं वाचायला लागलो. रुमालाखालून हात काढला की प्रत्येक जण थोडा बदलून परत यायचा, आणि मला वाटायचं, घ्या, यालाही चार.

संशय मलाच येत होता असं नाही हो. हेडमास्तरांच्या कानावर गेलं, आणि ते एका शनिवारी खिडकीआड उभे राहून पाहत राहिले. गावात तेव्हा कापसाच्या भावावर आकडा लावायचं वेड होतं. आत येऊन म्हणाले, "मास्तर, शाळेत सट्टा चालवता काय?" तुम्ही उठलात, अदबीनं म्हणालात, "सर, तुमीच हात घाला ना." आमच्यासमोर त्यांना नाही म्हणवेना. त्यांनी हात घातला. काय धरलं, तुम्ही काय दिलं, ते देवाला माहीत, पण हेडमास्तर रुमालाकडे न पाहता निघून गेले. पुन्हा कधी विचारलं नाही. वर्गात मात्र पसरलं की शक्कीनंच चहाडी केली. मी केली नव्हती. तुम्हाला तरी खरं वाटलं होतं का? हे एक विचारायचं राहूनच गेलं.

शेवटी मी ठरवलं, आता याचा निकाल लावायचा. माल बिघडवून पाहायचा. सहामाहीच्या गणिताच्या पेपरात मी सगळी प्रमेयं जाणूनबुजून चुकवली. येत असलेलं चुकवायला केवढे कष्ट पडतात, ते तेव्हा कळलं. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज मी अशी काही करून ठेवली, की माझंच मला हसू आलं. विचार असा, की हे पाहूनही चारच दिले, तर याचा अर्थ यांनी मालाकडे कधी पाहिलंच नाही. आणि भाव उतरला, तर आधीचा खरा होता. तुम्ही नापासाचा पेपर मला दिलात आणि पुढच्या पोराचा उचललात. शनिवार आला.

मी दोन धरली. तुम्ही चार.

माझं डोकंच फिरलं मास्तर. मी दुसऱ्या हातानं रुमाल ओढला आणि फेकून दिला. सगळ्या वर्गानं पाहिलं, तुमच्या मुठीत माझी चार बोटं. मी ओरडलो, "पेपर पाह्यला ना तुमी? मंग चार काहून? सगळ्यायले चारच देता, तर हे ढोंग कायले करता?"

तुम्ही माझा हात सोडला नाहीत. चिडलाही नाहीत. तुम्ही हसायला लागलात, हळूहळू, मग खदखदून.

"अबे शक्की," तुम्ही म्हणालात, "बापाच्या संगं इतकी वर्सं बाजार पाह्यला मी. चांगला माल वर अन् ओला खाली, हे सारेच करतात. पन कवडी वर ठेवून चांगला माल खाली लपवनारा तूच पयला पाह्यला रे! म्या कोपरापर्यंत हात घातला होता. मले वरची कवडी दाखवून फसवतं काय?"

मग तुम्ही खाली वाकून रुमाल उचललात, झटकलात आणि घडी करून खिशात ठेवलात. म्हणालात, "आता उघडा झाला. आता नाही चालनार." आणि त्यानंतर तो रुमाल वर्गात कधीच निघाला नाही.

पोरं माझ्याशी महिनाभर बोलली नाहीत. हरि तर माझ्या अंगावर धावून आला. त्याला शनिवारशिवाय दुसरा दिवसच नव्हता. तरी मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, मी विचारलं ते चूक नव्हतं. ज्या पोराला जन्मभर कोणी बोटभर भाव दिला नाही, त्याला एकदम चार दिले तर तो विचारणारच. तुमचं उत्तर झकास होतं, वर्ग हसला, मीही आतून हसलो. पण झकास उत्तर म्हणजे खरं उत्तर नव्हे. दलालाच्या पोराला बोलण्यात कोण हरवणार? घरी जाऊन बाला सांगितलं, तर तोही पोट धरून हसला आणि मग गंभीर होऊन म्हणाला, "मानूस हुशार आहे. जपून राह्य."

आणि त्यानंतर तुम्ही जे केलंत, त्यानं माझी झोपच उडाली. तुम्ही माझी तारीफ करणं सोडून दिलंत. पार सोडून! मॅट्रिकपर्यंत दोन वर्षं माझ्या वहीवर नुसती नावं ठेवलीत. "कचरा." "पत्तीचा माल." "हे उत्तर आहे का उकिरडा?" बरोबर आलेल्या गणितालासुद्धा म्हणायचात, "बरोबर आहे, पन लंगडत आलं." मधुकरला माझी कीव यायची. आणि मी? मी हवेत होतो मास्तर! नावं ठेवून राह्यले, म्हणजे माल पाहिजे. बाला सांगितलं, तर त्यानं प्रथमच मान डोलवली. "आता खरं दिसून राह्यलं," म्हणाला. तुमच्या प्रत्येक शिवीगणिक मी एक प्रमेय जास्त पाठ केलं. यवतमाळला मॅट्रिकच्या परीक्षेला गेलो तेव्हा माझ्या मनात भीती म्हणून नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं बरं वाटत होतं. सकाळी उठल्यावर मीच असणार आहे, याचं वाईट वाटत नव्हतं. तुम्हाला सांगतो, त्या वयात ही केवढी गोष्ट असते, ते ज्याला नाही मिळालं त्यालाच कळेल.

पण संशय कुठे गप्प बसतो? थोडं वय झाल्यावर वाटायला लागलं, तुम्हाला माझी खोड कळली होती का? हा पोरगा तारीफ घेत नाही, तर याला शिव्या देऊन विकत घेऊ, असं? म्हणजे तीही दलालीच? का तुम्ही खरंच माझ्यावर रागावला होता, आणि मी मूर्खासारखा रागाला भाव समजून पास होऊन बसलो?

घाटंजीला मास्तर झाल्यावर मी दिग्रसच्या बसस्टँडवर उतरलो की तुम्हाला गाठायचो. टपरीवर चहा. तुमचं पान. आणि माझा तोच प्रश्न.

"सर, एकदा सांगून टाका. सगळ्यायले चारच देत होते ना?"

"दुसऱ्याच्या गाडीचा भाव सांगत नसतात."

"आता काय फरक पडते?"

"तुले पडते ना. दहा वर्सं झाले, बस सोडून इथं बसला आहेस."

एकदा मी चिडून म्हटलं, माझ्या वर्गातली पोरं मी शाबास म्हटलं की माझ्याकडे अशी पाहतात, की मी त्यांचा खिसा कापणार आहे. काय करू? तुम्ही तोंडातलं पान एका बाजूला सारलंत. मग म्हणालात, "रुमाल आहे ना खिशात?" मी म्हटलं, आहे. "मंग?" एवढंच. तेवढ्यात माझी बस लागली. घाटंजीच्या शाळेत मी माझा रुमाल अजून काढलेला नाही. मला हिंमत झाली नाही. कोणीतरी माझ्यासारखं निघेल आणि ओढून फेकेल, असं वाटतं.

तर शुक्रवारी, माती टाकून झाल्यावर, मी मधुकरला गाठलं. वाण्याचा मधुकर आता स्वतः दुकानात बसतो, पोट सुटलंय, चश्मा लागलाय. नळावर हात धुताना मी म्हटलं, "आता मास्तर गेले. आता तरी सांग. तुले किती देत होते?"

त्यानं हात धुणं थांबवलं नाही. म्हणाला, "दोन."

"तू तं चार म्हनला होता."

"तू बी दोन म्हनला होता." मग तो माझ्याकडे वळला. "मी पाच धरायचो सुदाम. दर शनिवारी पाच. वाण्याचा एकुलता एक, मले काय कमी? अन् मास्तर माह्यी दोन बोटं धरायचे. लै राग यायचा. वाटे, याले दुकानातून उधार बंद करायला लावतो. पन घरी जाऊन मी रडायचो. कारन मले माहीत होतं, की आपन दोनच आहोत. दुसरं कोनीच मले तसं सांगतलं नव्हतं. मले तं सारे पाचच म्हनायचे." त्यानं धोतराच्या सोग्यानं चश्मा पुसला. "हरिले पाची देत होते. त्यानं मले तांड्यावरच्या लग्नात सांगतलं होतं, पिऊन."

नळ वाहत होता, तो बंद करायचं सुचेना. म्हणजे सगळ्यांना चार नव्हते. म्हणजे माझे चार माझेच होते. आणि पुढच्याच क्षणी मनात आलं, हा मधुकर मला बरं वाटावं म्हणून तर बोलून नाही राह्यला? मयतीच्या दिवशी माणसं बोलतात असं. मी त्याच्या डोळ्यांत पाहत राहिलो, आणि त्याला कळलं मी काय पाहतोय ते. "अबे जाय ना बे," म्हणाला आणि निघून गेला. मास्तर, तुमची इतकी आठवण आली तेव्हा! या क्षणी तुम्हीच पाहिजे होता, शिव्या घालायला.

एक गोष्ट मात्र मी मधुकरला सांगितली नाही. कोणालाच सांगितली नाही. तुमच्या-माझ्यातली आहे, म्हणून शेवटी लिहितो.

तुम्हाला लकवा झाल्याचं कळलं, तेव्हा मी यवतमाळच्या दवाखान्यात आलो. तुमचं उजवं अंग गेलं होतं, बोलणं गेलं होतं. तुमच्या पत्नी, आमच्या चाची, पायथ्याशी बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "बेटा, किसीको पहचानते नहीं." मी खाटेजवळच्या स्टुलावर बसलो. तुमचे डोळे उघडे होते, पण माझ्यावर होते की मागच्या भिंतीवर, ते कळत नव्हतं. 'सर, मी शक्की,' म्हटलं. काही नाही.

मग चादरीखालून तुमचा डावा हात सरकत आला. चाचपडत माझ्या हातापर्यंत आला, आणि तो चादरीखाली ओढून घेतला. आणि तिथे तुम्ही हात उघडा ठेवलात. पाची बोटं मोकळी. तुम्ही वाट पाहत होता.

मास्तर, मला आधी संशयच आला. आजारी माणूस कोणाचाही हात धरतो. पण तुम्ही धरत नव्हता. तुम्ही हात पुढे करून थांबला होता. पहिला भाव पोराचा असतो.

मी सवयीनं दोन धरणार होतो. दोन धरलीही. मग वाटलं, आता कोणाशी बाजार करतोय मी? घाटंजीचं माझं कौलारू घर आठवलं. माझी लेक आठवली, जी आरशात पाहून स्वतःशीच हसते आणि मेलेला बैल शोधत नाही. ते संशयानं पाहणारे साठ डोळे आठवले, ज्यांना मी रोज काही ना काही शिकवतोच. आणि मी आणखी दोन बोटं धरली. चार. मी तुम्हाला पहिल्यांदा खरा भाव सांगितला.

आता तुमची पाळी. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, झोपले. मग तुमच्या बोटांत जीव आला. तुम्ही माझं पहिलं बोट धरलंत. मग दुसरं. मग तिसरं, आणि तिथे थांबलात. मी म्हटलं, घ्या, शेवटी भाव उतरलाच. रडू येत होतं आणि हसूही. हाताला जोर नाही म्हणून थांबलात, का हिशेब करत होता, का नेहमीसारखी माझी मजा घेत होता, ते आता कोण सांगणार? पुष्कळ वेळानं तुमचं बोट हललं आणि चौथ्यावर येऊन बसलं.

तेवढ्यात नर्सबाई खाट आवरायला आल्या आणि त्यांनी चादरीचा कोपरा धरला.

"बाई, थांबा," मी म्हटलं. "ओढू नका."